मधुमेहात अ‍ॅड्रिनलचा हात किती? (मांजरं, कुत्री, उंदीर वगैरे)

कडूकारले

इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड काढून टाकलेल्या मांजराच्या मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीही काढल्या, तर त्याचा मधुमेह बराच सौम्य होतो. लघवीतून जाणारी साखर कमी होते, कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) कमी होतात आणि मांजर जास्त जगतं. अमेरिकेत लाँग आणि ल्यूकन्स या दोघांनी हे १९३६ साली दाखवलं. इन्सुलिन शून्य, तरीही!

हे वाचल्यापासून डोक्यात किडा वळवळतोय. आपल्याकडे मधुमेह म्हटलं की चर्चा इन्सुलिन, भात आणि चालणं यापलीकडे जात नाही. माझं मत असं, की इन्सुलिनची तूट ही अर्धीच गोष्ट आहे. साखर वर ढकलणारी मंडळी उरलेली अर्धी, आणि त्यात अ‍ॅड्रिनलचे हार्मोन पुढे. ते मधुमेह घडवतात की असलेला फक्त चिघळवतात? आणि १९३६ पासून हे माहीत आहे, तर शुगर तपासायला गेल्यावर कॉर्टिसोल (अ‍ॅड्रिनलचा एक हार्मोन) तपासा असं कोणी का सांगत नाही?

जाणकारांनी लिहावं. अजाणांनीही लिहावं, धागा पळतो.

पेटंट_पेशंट

अजाण हजर आहे. बॉसचा फोन आला की माझी शुगर वाढते. बॉस काढून टाकण्याची शस्त्रक्रिया उपलब्ध आहे का?

आळशी_अळू

+१. विमा कंपनी पैसे देत असेल तर मीही रांगेत.

निवृत्त_मास्तर

शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

पहिलं म्हणजे अ‍ॅड्रिनल ही एक ग्रंथी दिसत असली तरी आत दोन वेगळी दुकानं आहेत. आतला गाभा अ‍ॅड्रिनलिन सोडतो, बाहेरचं कवच कॉर्टिसोलच्या जातीचे स्टेरॉइड आणि अल्डोस्टेरॉन बनवतं. साखर वाढवण्याचे आरोप दोघांवरही आहेत, पण गुन्ह्याची पद्धत वेगळी.

मिंकोव्स्की आणि फॉन मेरिंग यांनी १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, हे शाळेतही सांगतात. त्यानंतर १९०१ मध्ये ब्लूम या जर्मन डॉक्टरने अ‍ॅड्रिनलचा अर्क टोचून जनावरांच्या लघवीत साखर आणली, हे कोणी सांगत नाही. त्याने त्याला चक्क अ‍ॅड्रिनलचा मधुमेह म्हटलं होतं. म्हणजे टोरोंटोत इन्सुलिन सापडायच्या वीस वर्षं आधी ही ग्रंथी संशयितांच्या यादीत होती. १९२१ नंतर इन्सुलिनच्या झगमगाटात ती मागे पडली.

मग आले ब्युनोस आयरेसचे उसाई. त्यांनी १९३० च्या सुमारास स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांची पिट्युटरीही (मेंदूखालची, इतर ग्रंथींना हुकूम देणारी ग्रंथी) काढली आणि मधुमेह एकदम मवाळ झाला. १९४७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा याच कामासाठी. कारले यांची मांजरं ही त्याची पुढची पायरी. पिट्युटरी गेली की अ‍ॅड्रिनलचं कवच सुकतं. मग खरा फायदा पिट्युटरी जाण्याचा की अ‍ॅड्रिनल सुकण्याचा? लाँग आणि ल्यूकन्स यांनी थेट अ‍ॅड्रिनलच काढून बघितल्या. पुढे लाँग येल विद्यापीठात गेले. तिथे १९४० मध्ये काट्झिन आणि फ्राय यांच्यासोबत त्यांनी दाखवलं की कवचाचा अर्क दिला की उपाशी उंदराच्या यकृतात ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि लघवीतला नायट्रोजन वाढतो. नायट्रोजन कुठून आला? स्नायूंतल्या प्रथिनांतून. कवच प्रथिनं मोडून साखर बनवायला लावतं, हा त्याचा अर्थ.

लगेच १९४१ मध्ये ड्वाइट इंगल यांनी उलटी बाजू दाखवली. स्वादुपिंड शाबूत असलेल्या निरोगी उंदरांना कवचातला शुद्ध स्टेरॉइड भरपूर दिला, तर त्यांच्या लघवीत साखर आली. स्टेरॉइड डायबेटिस ही गोष्ट तिथून सुरू होते. तेव्हा हे स्टेरॉइड औषध म्हणून कोणाला दिलेही जात नव्हते. संधिवाताच्या रुग्णाला कॉर्टिसोन पहिल्यांदा मिळालं ते १९४८ मध्ये. उंदराने सात वर्षं आधीच इशारा देऊन ठेवला होता.

सदाफुली

सर, छान माहिती. पण एक शंका. ९० वर्षांपूर्वीची मांजरं, तीही दोन-दोन अवयव काढलेली. त्यावरून माणसाच्या टाइप २ बद्दल काय बोलणार? टाइप २ मध्ये स्वादुपिंड जागेवर असतं. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून कर्करोग हजार वेळा बरा झालाय, आपण अजून वाट बघतोय.

फार्म_त्रस्त

सदाफुली, तुमच्या शंकेला दुजोरा आणि विरोध दोन्ही देतो, कारण मी सध्या याच चिखलात आहे. एम. फार्म.चा थिसिस, उंदरांमध्ये स्ट्रेप्टोझोटोसिन देऊन मधुमेह. (मोठे विस्टार उंदीर, रॅट. पांढरे पिटुकले माईस वेगळे.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे रसायन ग्लूट-२ नावाच्या दारातून स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत शिरतं आणि तिला मारतं. थंड सायट्रेट बफरमध्ये, पीएच ४.५, ताजं बनवायचं आणि पटकन टोचायचं, नाहीतर ते विघटन पावतं. आम्ही किलोला ५५ मिग्रॅ देतो. पहिल्या रात्री मरणाऱ्या पेशींतून साठवलेलं इन्सुलिन एकदम बाहेर सांडतं आणि शुगर धाडकन खाली येते, म्हणून रात्रभर ग्लुकोजचं पाणी ठेवावं लागतं. तीन दिवसांनी ग्लुकोमीटर कधी ४५० दाखवतो, कधी नुसतं 'हाय'. मग पिंजऱ्यातला भुसा रोज बदला, कारण प्राणी दिवसभर पाणी पितो आणि मुततो.

आता धाग्याचा मुद्दा. या उंदरांचं कॉर्टिकोस्टेरॉन (त्यांचं कॉर्टिसोल म्हणा) वाढलेलं असतं. इन्सुलिन गेलं की मेंदूपासून अ‍ॅड्रिनलपर्यंतची साखळी चेकाळते, आणि इन्सुलिन दिलं की बरीचशी शांत होते. म्हणजे 'बीटा पेशी मेल्याचं मॉडेल' म्हणून आपण जे वापरतो, त्यात अ‍ॅड्रिनल गुपचूप सामील असते. आणि आमच्याकडच्या थिसिसांत काय होतं? जांभळाचा अर्क, कारल्याचा अर्क, गुळवेल, मेथी. शुगर उतरली की निष्कर्ष तयार. अर्काने इन्सुलिन वाढलं, प्राण्याचं खाणं कमी झालं की कॉर्टिकोस्टेरॉन उतरलं, हे कोणी मोजत नाही. मीही सिनॉप्सिसमध्ये ते लिहिलेलं नाही.

कडूकारले

जांभळाचं ठीक आहे, कारल्याला मध्ये घ्यायचं काम नाही.

फार्म_त्रस्त

क्षमस्व महाराज. आणखी एक गंमत. उंदीर आणि माईस यांचा मुख्य हार्मोन कॉर्टिसोल नाहीच, कॉर्टिकोस्टेरॉन आहे. त्यांच्या अ‍ॅड्रिनलमध्ये १७ व्या कार्बनवर हायड्रॉक्सिल बसवणारं एन्झाइम नसतं. तरी लोक माणसाचं कॉर्टिसोल किट आणून उंदराच्या सीरमवर चालवतात आणि आलेला आकडा छापतात. शिवाय माणसात हा हार्मोन पहाटे-सकाळी चढतो, उंदरात संध्याकाळी, कारण तो निशाचर. सकाळी नऊला रक्त काढून 'नॉर्मल' म्हणायचं आणि घरी जायचं! त्यातही उंदीर हातात धरल्यावर तीन मिनिटांच्या आत रक्त निघालं नाही तर तुम्ही त्याची भीती मोजताय.

गोठ्यातला_डॉक्टर

पशुवैद्य आहे, त्यामुळे माझे रुग्ण 'मॉडेल' नसतात, मालकांचे लाडके असतात. सदाफुलींना थोडं उत्तर माझ्याकडून.

कुत्र्यांत कुशिंग (अंगात कॉर्टिसोल फार होण्याचा आजार) भरपूर दिसतं. पोट सुटलेलं, अंगावरचे केस विरळ, सारखी भूक, सारखं पाणी, रात्री घरात मुतणं. मालक सांगतो "वय झालं हो डॉक्टर". बहुतेकांच्या पिट्युटरीत छोटी गाठ असते, काहींच्या अ‍ॅड्रिनलमध्येच. आणि कुत्र्याचा हार्मोन माणसासारखाच कॉर्टिसोल. यातल्या काही कुत्र्यांना मधुमेहही असतो, आणि अशा कुत्र्याचं इन्सुलिन वाढवत नेलं तरी शुगर ढिम्म हलत नाही. ट्रिलोस्टेन (कॉर्टिसोल बनणं अडवणारं औषध) सुरू केलं, कॉर्टिसोल उतरलं, की तोच डोस जास्त होतो आणि कुत्रं हायपोत (साखर फार खाली) जाऊ शकतं. लाँग-ल्यूकन्स यांचं मांजर मला क्लिनिकमध्ये गोळीच्या रूपात दिसतं म्हणा ना.

मांजरांत कुशिंग दुर्मीळ, पण ज्यांना होतं त्यातल्या बहुतेकांना मधुमेह असतोच. खाज सुटते म्हणून लांब पल्ल्याचं स्टेरॉइड इंजेक्शन वारंवार दिलेली मांजरंही मधुमेहाकडे वळतात. स्टेरॉइड थांबवून वेळेवर इन्सुलिन दिलं तर त्यातली काही पूर्ण सुटतात.

आणि हो, घाबरलेल्या मांजराची शुगर टेबलावर ३०० च्या वर जाऊ शकते, मधुमेह नसताना! म्हणून एका आकड्यावर इन्सुलिन सुरू करत नाही, फ्रुक्टोसामिन (काही आठवड्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) बघतो.

पेटंट_पेशंट

म्हणजे मी मांजर आहे. बॉसचा फोन आला की ३००.

रेवाकाठ

सगळ्यांचं वाचलं. मूळ कारण ताण आहे हे सिद्ध झालंच की. अश्वगंधा चूर्ण रोज रात्री दुधातून घ्या, कॉर्टिसोल आपोआप ताब्यात. माझ्या मेहुण्याच्या गोळ्या बंद झाल्या. रेसिपी व्यनि करते.

निवृत्त_मास्तर

रेवाकाठ, मेहुण्यांना शुभेच्छा, पण गोळ्या कोणी बंद केल्या? डॉक्टरांनी की चूर्णाने? वर कुठेही 'ताण हेच मूळ कारण' असं सिद्ध झालेलं नाही. मांजराची भीतीची शुगर घरी गेल्यावर उतरते, मधुमेहाची उतरत नाही. दुसरं, कोणी प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर असेल आणि इथलं वाचून 'स्टेरॉइडने साखर वाढते' म्हणून ती अचानक थांबवली, तर जिवावर बेतू शकतं. बाहेरून स्टेरॉइड मिळत असतं तेव्हा स्वतःची अ‍ॅड्रिनल झोपलेली असते.

वॉर्डातली_ताई

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. मी नर्स आहे, विदर्भातल्या एका मोठ्या रुग्णालयात. २०२१ चा एप्रिल-मे आठवला की अजून पोटात गोळा येतो. कोविडमध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने जीव वाचले, हे आधी मान्य करू. ऑक्सिजन लागणाऱ्यांना रोज ६ मिग्रॅ, जास्तीत जास्त १० दिवस, हे २०२० मध्येच ब्रिटनच्या मोठ्या चाचणीतून आलं होतं. पण बाहेर लोकांनी ऑक्सिजन चांगला असतानाही, दुप्पट-तिप्पट, आठवडेच्या आठवडे घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर चिठ्ठ्या फिरत होत्या. ज्यांना आयुष्यात मधुमेह नव्हता त्यांची शुगर ४००, आणि मग काळी बुरशी. डोळे काढावे लागलेली माणसं पाहिलीत मी.

एक कामाची गोष्ट: सकाळी स्टेरॉइडची गोळी घेणाऱ्याची उपाशीपोटी शुगर बऱ्याचदा छान येते आणि दुपारनंतर चढते. फक्त सकाळी तपासून खुश राहू नका. जेवणानंतरची, संध्याकाळची बघा.

आळशी_अळू

ताई, हा प्रतिसाद वेगळा काढून चिकटवून ठेवायला हवा.

टोरोंटोकर

आमच्या गावात इन्सुलिन सापडलं म्हणून दोन शब्द. इथल्याच यॉर्क विद्यापीठातल्या गटाचं उंदरांचं एक मॉडेल मला फार आवडतं. तरुण उंदराच्या कातडीखाली कॉर्टिकोस्टेरॉनच्या गोळ्या बसवायच्या आणि सोबत चरबीयुक्त खाणं द्यायचं. नुसतं चरबीयुक्त खाणं दिलं तर फारसं बिघडत नाही, नुसत्या गोळ्यांनी मध्यम बिघडतं, दोन्ही एकत्र आले की काही आठवड्यांत उंदीर ठार मधुमेही. विष टोचावं लागत नाही. कारले यांच्या 'घडवतात की चिघळवतात' या प्रश्नाला उंदराचं उत्तर: परिस्थिती पोषक असेल तर घडवतातसुद्धा.

सदाफुली

हे मला पटण्यासारखं वाटतंय. पण त्या गोळ्यांतून मिळणारा डोस नैसर्गिक पातळीच्या किती वर? बाहेरून ओतलं तर काहीही घडेल. टाइप २ च्या साध्या माणसाचं रक्तातलं कॉर्टिसोल कुठे एवढं असतं?

बशीतला_वाटाणा

सदाफुली, नेमका हाच प्रश्न लोकांना २००० च्या आसपास छळत होता, आणि त्यातून एक सुंदर प्रयोग निघाला. रक्तातला कॉर्टिसोल सोडा, पेशीच्या आत काय चाललंय? ११-बीटा-एचएसडी-१ नावाचं एन्झाइम निष्क्रिय कॉर्टिसोन घेऊन तिथल्या तिथे सक्रिय हार्मोन बनवतं (माईसमध्ये त्यांचा कॉर्टिकोस्टेरॉन). मासुझाकी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये असे माईस बनवले ज्यांच्या फक्त चरबीच्या पेशींत हे एन्झाइम जास्त होतं. रक्तातली पातळी वाढलेली नाही, तरी पोटावर चरबी, इन्सुलिनला दाद न देणं, साखर वर. उलट, हे एन्झाइम नसलेले माईस लठ्ठपणात किंवा ताणात साखर चढायला अडवतात, हे १९९७ मध्येच एडिनबरोच्या गटाने दाखवलं होतं.

मग औषध कंपन्या तुटून पडल्या. एन्झाइम दाबणाऱ्या गोळ्या माणसांत आल्या, साखर उतरली, पण इतकीशीच की बाजारात टिकेल असं काही निघालं नाही. इथे तुमचा संशय योग्य ठरतो. माऊसमध्ये ढोल-ताशा, माणसात टाळ.

फार्म_त्रस्त

वाटाणा, लेप्टिनचं (चरबीतून येणारा हार्मोन) भांडण सांगा ना. आमच्या जर्नल क्लबमध्ये त्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं.

बशीतला_वाटाणा

:) सांगतो. स्ट्रेप्टोझोटोसिनच्या उंदराला इन्सुलिन न देता लेप्टिन दिलं तर साखर खाली येते. का? येलच्या शुलमन गटाने २०१४ मध्ये म्हटलं, लेप्टिन मेंदू-पिट्युटरी-अ‍ॅड्रिनल साखळी शांत करतं, कॉर्टिकोस्टेरॉन उतरतं, चरबी वितळणं थांबतं, यकृताला साखर बनवायचा इशारा मिळत नाही. कॉर्टिकोस्टेरॉन परत दिलं की परिणाम पुसला जातो. सगळा दोष अ‍ॅड्रिनलकडे. (लाँगही येलचेच, भिंतींना वारसा असावा.) पुढच्याच वर्षी सिएटलच्या मॉर्टन-श्वार्ट्झ गटाने छापलं, की अ‍ॅड्रिनल साखळी दाबली जाणं लेप्टिनच्या परिणामाला आवश्यक नाही. प्राणी तोच, रसायन तेच, निष्कर्ष उलटा. उपास किती तास, मधुमेह किती तीव्र, हार्मोनचा डोस कोणता यावर उत्तर बदलतं. मला विचाराल तर अ‍ॅड्रिनल ही बांधावरून भांडणाऱ्या दोन भावांमध्ये तेल ओतणारा तिसरा गावकरी आहे. भांडण त्याने लावलेलं नसेल, पण तो घरी गेला की आवाज नक्की खाली येतो.

गोठ्यातला_डॉक्टर

आणि तो गावकरी गेला तर गावाचं पाणी कोण राखणार, तेही सांगा. अ‍ॅड्रिनल काढलेल्या उंदराला साध्या पाण्यावर ठेवलं तर तो मरतो, कारण अल्डोस्टेरॉन जातं आणि मीठ लघवीतून वाहून जातं. पिंजऱ्यात ०.९ टक्के मिठाचं पाणी ठेवावं लागतं. कर्ट रिश्टर यांनी १९३६ मध्येच दाखवलं होतं की साधं आणि खारट अशा दोन बाटल्या समोर ठेवल्या तर असा उंदीर स्वतःहून खारट पितो आणि जगतो. म्हणून 'अ‍ॅड्रिनल काढली की मधुमेह सुधारतो' या वाक्यात, खातं कमी आणि सुकतं म्हणून साखर किती उतरली, हे वेगळं काढावंच लागतं.

पेटंट_पेशंट

उंदराला कळतं काय प्यायचं, आणि मला डॉक्टरने सांगूनही फरसाण सुटत नाही.

कडूकारले

धागा माझ्या अपेक्षेबाहेर गेला, आभार. पण माझा दुसरा प्रश्न तसाच राहिला. माणसांवर कोणी अ‍ॅड्रिनलच्या वाटेने उपचार केले का? आणि कॉर्टिसोल सरसकट का तपासत नाहीत?

निवृत्त_मास्तर

केले, आणि त्यामागची कथा चमत्कारिक आहे. १९५३ मध्ये डेन्मार्कच्या पॉल्सन यांनी एका मधुमेही बाईची नोंद केली. बाळंतपणानंतर तिची पिट्युटरी निकामी झाली आणि मधुमेहाने बिघडलेला डोळ्याचा पडदा सुधारू लागला. त्यावरून पुढची पंधराएक वर्षं डोळे वाचवण्यासाठी मधुमेहींच्या पिट्युटरी जाळल्या, कापल्या गेल्या. काहींच्या अ‍ॅड्रिनलही काढल्या. काहींचे डोळे वाचले, पण इन्सुलिनचा जरासा डोस चुकला की हायपोने जीव जायचा, कारण साखर वर खेचणारं कोणी उरलेलं नसायचं. लेझर आल्यावर हे सगळं बंद झालं. योगायोग बघा, बाळंतपणानंतरच्या या पिट्युटरी विकाराला ज्यांचं नाव आहे ते शीहान आणि १९४३ मध्ये ग्लासगोत अलॉक्सन या रसायनाने सशाच्या बीटा पेशी मरतात हे शोधणाऱ्या त्रयीतले शीहान एकच.

आजही टाइप १ च्या रुग्णाचं इन्सुलिन विनाकारण कमी कमी लागायला लागलं, वारंवार हायपो व्हायला लागला, तर चांगला डॉक्टर अ‍ॅडिसनचा (अ‍ॅड्रिनल निकामी होण्याचा आजार) विचार करतो. लाँग-ल्यूकन्स यांचा प्रयोग निसर्गाने केलेला असतो.

आता तपासणी. सरसकट नको, कारण एका वेळच्या कॉर्टिसोलला काही अर्थ नाही. त्याची वेळ, ताण, झोप, सगळं आकड्यात उतरतं. रात्री १ मिग्रॅ डेक्सामेथासोन देऊन सकाळी कॉर्टिसोल दबतं का ते बघतात. पण तीन-चार औषधं आणि इन्सुलिन घेऊनही ज्यांची शुगर हटत नाही, त्यांचं चित्र बदलतंय. अमेरिकेतल्या कॅटलिस्ट नावाच्या अभ्यासात अशा हट्टी टाइप २ रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याचं कॉर्टिसोल या चाचणीत दबलं नाही. अशांना कॉर्टिसोलचा रिसेप्टर अडवणारं मिफेप्रिस्टोन दिलं तेव्हा एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांची सरासरी साखर) प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या गोळीपेक्षा, स्पष्ट उतरलं. औषधाचे दुष्परिणाम भरपूर आहेत, पोटॅशियम उतरतं, आणि गर्भपाताचंही तेच औषध, म्हणून जपून. पण दंडावर, पोटावर जांभळे पट्टे, सहज पडणारे काळेनिळे डाग, मांड्या बारीक आणि पोट मोठं, बीपी तीन गोळ्यांनी न उतरणारं, असं कोणी असेल तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

सदाफुली

चौथा हिस्सा? एवढा मोठा आकडा असेल असं वाटलं नव्हतं. माझा आक्षेप निम्मा मागे. निम्मा ठेवते, कारण तो अभ्यास औषध बनवणाऱ्या कंपनीनेच केलेला असणार.

बशीतला_वाटाणा

बरोबर ओळखलंत. म्हणून निम्मा ठेवाच.

फार्म_त्रस्त

मी आज गाईडना विचारलं, उरलेल्या सीरममध्ये कॉर्टिकोस्टेरॉन मोजू का. म्हणाले कल्पना उत्तम आहे, पण रक्त काढायची वेळ बदलायची तर प्राण्यांच्या नीतिसमितीकडे दुरुस्तीचा अर्ज टाकावा लागेल, आणि समितीची बैठक कधी ते अजून ठरलेलं नाही.

कडूकारले

आणि किटचे पैसे?

फार्म_त्रस्त

ते कोणी बोललंच नाही. तोपर्यंत जांभळाचा अर्क चालू आहे.